पात्यावरची वेल

यंदा कैरी लवकर उतरली. सकाळी भाजीला गेले तर मंडईच्या तोंडाशीच बायका लाकडाचे ठोकळे मांडून बसलेल्या आणि कैऱ्या फोडायचं काम जोरात सुरू. तो आवाज मला पाठमोरं उभं राहून ऐकायला आवडतो. आधी ओल्या गराचा मऊ आवाज, मग कोय तडकते तो कोरडा. दोन्ही एकाच घावात आले तर सुरी चांगली. मध्ये फट पडली तर समजावं, धार गेली आहे किंवा पाठ हलकी आहे. मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उगीच चाळवत राहते आणि कानाने एकेक सुरी ओळखत जाते. शेवटी कोथिंबीरवाला म्हणतो, "अम्मा, लेना है के खाली सूंघनाच है?" मी जुडी घेते आणि घरी येते.

आज आल्यावर पिशवी तशीच ओट्यावर ठेवली आणि ही वही काढली. वही मी लपवत नाही. लेकीला वेळ नाही, नातीला मराठी वाचता येत नाही, आणि यांनी वाचली तर हे फक्त हसतील. चौथीपर्यंत शिकले तेवढं अक्षर मला पुरतं. बोटांना कैरीचा चीक लागलेला असला की कागद जरा चिकटतो, इतकंच.

इकडे कैरीचे दिवस आले की सगळ्या शहराच्या हातांना एकच वास येतो. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने दांडीला हात लावला तरी मोहरीची पूड आणि हळद नाकात जाते. गच्च्यांवर जुन्या साड्या पसरलेल्या, त्यांवर फोडी पुसून ठेवलेल्या, आणि एखादी म्हातारी छत्री घेऊन कावळे हाकत बसलेली. आमच्या मराठी घरांत लोणच्याच्या कैरीची कोय काढून टाकतात. इथल्या तेलुगू घरांत प्रत्येक फोडीला कोयीच्या कवचाचा तुकडा राहावाच लागतो, नाहीतर फोड वर्षभर टिकत नाही म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला कळलं की इथे एवढ्या जड सुऱ्या कशाला लागतात. इथे कैरी कापत नाहीत, कोयीसकट फोडतात. आणि त्या सुऱ्या माझे सासरे करत.

त्यांना मी मामा म्हणायची. आमच्या नांदेडकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. अफझलगंजच्या मागच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत भट्टी आणि ऐरण, मागच्या खोलीत स्टोव्ह आणि आमचा संसार, मध्ये एक जाड पडदा, धुराने खालून वर काळा होत गेलेला. लॉरीच्या चाकांवरच्या मोडक्या कमानीचं, जाड पट्ट्यांचं पोलाद आणून मामा त्याच्या सुऱ्या घडवत. पडद्याआड मी पोळ्या केल्या, दोन लेकरं वाढवली आणि अकरा वर्षं त्यांचं काम ऐकलं. पाहिलं असं म्हणता येणार नाही. चहाचा पेला त्यांच्या उजव्या हाताशी ठेवायचा तो मागून, आणि तसंच मागे सरायचं. मला दिसायची ती त्यांची पाठ, घामाने चिकटलेला बनियन आणि वर-खाली होणारं कोपर.

घणाचा आवाज सगळ्या गल्लीचा होता. पण दुपारी जेवणं झाली की दुसरा एक आवाज सुरू व्हायचा, तो फक्त आमच्या घराचा. बारीक हातोडी आणि कोरायची छिन्नी. टक टक टक टक, जरा थांबून पुन्हा टक टक टक. मामा पात्यावर वेल कोरत असायचे. पाठीच्या कडेने, मुठीकडून टोकाकडे जाणारी एक नागमोडी रेघ आणि तिला पाच पानं. माझी दोन्ही लेकरं त्या आवाजावर झोपली. मला तर अजूनही दुपारी डोळा लागायचा असेल तर मनात तोच आवाज लावावा लागतो.

वेल कोरल्याशिवाय सुरी आमच्या दारातून बाहेर जात नसे. हा मामांच्या वडिलांपासूनचा नेम. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी मला तो समजावून सांगितला होता. नुसतं पातं म्हणजे हत्यार. ते कुणाच्या हातात जाईल आणि कशाला वापरलं जाईल, काही सांगता येत नाही. वेल घातली की ते घरातलं झालं, अन्नाचं झालं. लोखंड नागवं पाठवू नये. मी नवी होते, मनात म्हटलं, काय हे, सुरीला लुगडं. पुढे पुढे मात्र दुसऱ्याच्या घरी साधी सुरी हातात घेतली की मलाच कसंतरी वाटायचं.

ज्या वर्षाचं मी लिहिते आहे त्या वर्षी गल्लीवरून केबलच्या काळ्या वायरी गेल्या. हातगाड्यांवर लाल-हिरव्या मुठींच्या पातळ, चकचकीत सुऱ्या आल्या. दुकानात बाटलीतलं लोणचं दिसायला लागलं, हे कोण विकत घेणार म्हणून बायका हसल्या, आणि दोन वर्षांनी त्यांनीच घेतलं. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीची फोनची दुकानं निघाली. सगळं नवं नवं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. समोरच्यांचा रंगीत टीव्ही मी खिडकीच्या फटीतून कितीदा पाहिला आहे.

त्याच वर्षी होळीनंतर मामांच्या डोळ्यांवर पांढरं आलं. दवाखान्यात सांगितलं, मोतीबिंदू आहे पण अजून पिकला नाही, पावसाळा संपल्यावर या. तेव्हा तसंच होतं, फळ पिकायची वाट पाहावी तशी डोळ्याची वाट पाहायची. मामांना दारात उभा राहिलेला माणूस दिसे, भट्टीतला निखारा दिसे, पण केसाएवढी रेघ दिसेना. घडवून, कानशीने घासून तयार केलेली तीन पाती भिंतीवर खिळ्यांना टांगलेली होती. फक्त वेल राहिली होती. ती पाती तशीच लटकत राहिली आणि आमच्या दुपारी गप्प झाल्या. मी भांडी जरा जोरात घासायला लागले.

कैरीचा मोसम लागला तशी यादम्मा आली. मंडईत कैऱ्या फोडणारी, उंच, दोन्ही दंडांवर गोंदलेली. दर वर्षी एक सुरी तिची ठरलेली. तिने भिंतीवरच्या पात्याकडे बोट केलं. मामांनी सांगितलं की तयार नाही, वेल राहिली आहे आणि आता ती होईल असं दिसत नाही.

"पत्ता नक्को, ताता," ती म्हणाली. तेलुगूत आजोबांना हाक मारतात तशी ती त्यांना ताता म्हणायची, आणि वेलीच्या पानांना पत्ता. "कैरी को क्या मालूम, पत्ता है के नहीं?"

"कैरी को नहीं मालूम," मामा म्हणाले. "मेरेकू मालूम है."

ती हसली नाही. जुनी सुरी दगडावर लावून लावून झिजली होती. गाडीवरची नवी घेऊन पाहिली तर तिसऱ्या दिवशी कोयीवर दुमडली. आठ-दहा दिवसांत कैऱ्यांचा ढीग पडेल, मग मी काय दातांनी फोडू, असं ती मामांना विचारत होती. पडद्याआड मी कणीक मळत होते, माझे हात थांबले होते. जाताना ती एवढंच म्हणाली की पुन्हा येऊन बघते.

त्याच संध्याकाळी हे एका माणसाला घेऊन आले. हे तेव्हा एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर होते, तिथलीच ओळख. त्या माणसाला आमच्या पुढच्या खोलीत फोनचं दुकान काढायचं होतं. तो ऐरणीला वळसा घालून भिंती पाहून गेला. मग हे मामांशी बोलले. वाईट काही बोलले नाहीत. नजर येईपर्यंत तुम्ही बसून काय करणार, आणि आली तरी या सुऱ्या आता घेतं कोण. या मोसमात भट्टीवरून एकही सुरी गेली नाही तर ऐरण काढून टाकू. मामा म्हणाले, "बरं." ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

भांडणं मला जमणारं नव्हतं. चार माणसांत बोलायचं म्हटलं तर माझ्या तळहातांना घाम येतो. पण भिंतीवर तीन पाती होती, कोनाड्यात छिन्न्यांची डबी होती आणि दुपार रिकामी होती.

आधी मी वेल उतरवून घेतली. शाळेत असताना आम्ही नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तशी स्वयंपाकघरातल्या जुन्या सुरीवर कागद ठेवून घासली. पाच पानं कागदावर आली. बघून वाटलं, एवढंच तर आहे. दारात रांगोळीची वेल मी रोज काढत होते. एक पातं मी खिळ्यावरून काढून आणलं आणि भाताच्या पेजेने कागद त्याच्यावर चिकटवला. पातं लाखेत बसवतात हे मला माहीत होतं, कारण दुपारी लाख वितळल्याचा वास यायचा. लाकडाचा गोल ठोकळा, त्यावर विटेची पूड घातलेली लाख. ती तापवून पातं तिच्यात दाबायचं, थंड झाली की ते हलत नाही. मामा जेवून बाजेवर कलंडले. मी मागच्या खोलीत ठोकळा पुढे घेऊन बसले, छिन्नी पाटीवरच्या पेन्सिलीसारखी धरली आणि हातोडी मारली.

छिन्नी सरकली. पात्यावर एक बारीक चकाकी उठली, बाकी काही नाही. छिन्नी उभी धरावी की आडवी हे समजायलाच पहिली दुपार गेली. दुसऱ्या दुपारी दीड बोट सरळ रेघ आली. लोखंडाची केसासारखी तार कुरळी होऊन वर निघाली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ती तार डबीत जपून ठेवली. पण वेल काही सरळ नसते. वळण आलं की छिन्नी बाहेर पळायची. मी मनगट वळवलं, कोपर वळवलं, शेवटी स्वतःच तिरकी होऊन बसले. कागद घामाने फाटून गोळा झाला. आणि आवाज. मामांची टकटक दोऱ्यात ओवल्यासारखी यायची, माझी दळणात खडा आल्यासारखी.

चौथ्या दिवशी तिसऱ्या पानाशी छिन्नी घसरली ती थेट पात्याच्या मधोमध गेली. चार बोटं लांब ओरखडा. डाव्या अंगठ्यालाही लागलं. अंगठा तोंडात धरून मी त्या ओरखड्याकडे बघत बसले. रडू आलं नाही. राग आला, पण नक्की कुणाचा ते ठरवता येईना. मग अंगठ्याला हळद लावून चिंधी बांधली, पातं लाखेतून सोडवलं आणि कानस घेतली.

ओरखडा घालवायचा म्हणजे ती अख्खी बाजू तेवढीच खाली न्यायची. त्यात अडीच पानं गेली आणि जमलेली सरळ रेघही गेली. छिन्नीचा आवाज भांड्यांचा म्हणून खपवता येतो, कानशीचा खपत नाही. पुढच्या दुपारी पडद्यापलीकडून मामांचा आवाज आला.

"पुढं नेताना जोर दे. मागं आणताना उचलून घे. घासत आणलीस तर कानस मरती."

माझा हात होता तिथे थांबला. काय करायलीस, असं त्यांनी विचारलं नाही. कुणाला विचारून, असंही नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "थांबलीस का?" मी कानस पुढे नेली, मागे आणताना उचलली. आवाज बदलला, मोकळा झाला. पलीकडे बाज करकरली, ते कुशीवर वळले असावेत.

लेकीने तिच्या विद्यानगरच्या घरी दहा सुऱ्यांचा संच आणला आहे. लाकडी ठोकळ्यात खोचून ठेवतात, एक पावाला, एक टोमॅटोला, एक सोलायला. मी तिथे गेले की कोणती घेऊ ते कळत नाही आणि नात हसते. सुऱ्या चांगल्या आहेत, नावं ठेवण्यासारखं काही नाही. एकदा मी त्यातली एक उन्हात धरून खूप वेळ पाहिली. कुठे काही पुसलेलं दिसलं नाही. ज्याने केली त्याला ती पहिल्या झटक्यात जमली असणार. मला तसं कधी काही जमलेलं नाही, त्यामुळे त्या सुरीशी काय बोलावं ते मला सुचत नाही. आमच्या त्या पात्याची एक बाजू दुसरीपेक्षा जरा खोल होती, आणि ती का खोल होती हे जगात दोघांनाच माहीत होतं.

पातं घासून झालं तरी वळणाचा प्रश्न तसाच होता. मी पुन्हा लाख तापवली, पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा पहिल्या वळणाशी अडले. आता कागदही नव्हता. घरात सगळ्यांना माहीत झालं होतं. एकदा जेवताना यांच्या दाताखाली कच्चकन काही आलं. ते बोटावर घेऊन यांनी दिव्याकडे धरलं. लोखंडाचा कण होता. "अशक्तपणाला चांगलं म्हणतात," हे म्हणाले, "पण जरा बारीक कीस." मामा खाली मान घालून जेवत होते, त्यांच्या मिशा हलल्या. मग यांनी माझा बांधलेला अंगठा पाहिला आणि हसू आवरलं. रविवारी तो फोनवाला उत्तर घ्यायला येणार आहे, एवढं सांगून ते हात धुवायला उठले. त्या दिवशी मंगळवार होता.

बुधवारी सकाळी मी मेथांब्यासाठी कैऱ्या सोलत होते. विळीच्या पाटावर एक पाय दाबलेला, पातं माझ्यासमोर उभं, दोन्ही हातांत कैरी. साल एका लांब फितीत खाली उतरत होतं आणि मी भलत्याच विचारात होते. फीत तुटली नाही म्हणून सहज खाली पाहिलं, आणि बघतच राहिले. विळी हलत नव्हती. साल गोल निघत होतं ते कैरी फिरत होती म्हणून. सात वर्षांची असल्यापासून विळीवर बसते आहे, आणि हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. छिन्नीने वळायचंच नाही. छिन्नीने सरळ जायचं. वळायचं ते पात्याने.

अर्धी सोललेली कैरी तशीच ठेवून मी उठले. पण दोन्ही हात छिन्नी-हातोडीत अडकलेले, मग ठोकळा फिरवणार कशाने? आणि तो जड, फरशीवर खरखरत अडे. घागर डोक्यावर घेताना करतात तशी जुन्या लुगड्याची चुंबळ केली, ठोकळा तिच्यावर बसवला, मांडी घालून अगदी जवळ बसले आणि उजव्या गुडघ्याने हळूच लोटला. ठोकळा फिरला. पुन्हा लोटला, पुन्हा फिरला. मग छिन्नी टेकवली. टक टक टक टक. छिन्नी एका जागी, आणि तिच्याखालून पातं वळत गेलं, विळीवरच्या कैरीसारखं. पहिलं वळण पुरं झालं आणि मी हातोडी खाली ठेवली. मला तो आवाज ओळखीचा वाटला होता.

"जुळला," पलीकडून मामा म्हणाले. "पाय लावलास ना?"

मला कळेना पाय कुठून आला. मग त्यांनी सांगितलं, पडद्याकडे तोंड करून, सावकाश. ते ठोकळा दोन्ही तळपायांत धरत आणि पायांनीच फिरवत. अकरा वर्षं मी मागून चहा ठेवला होता, मला त्यांचे पाय कधी दिसलेच नव्हते. मी त्यांच्या कोपराकडे पाहून काम मनात धरलं होतं, आणि निम्मं काम पायांत होतं. त्यांना पहिल्या दिवसापासून आवाजावरून कळत होतं की माझं कुठे अडतं आहे. पण सुनेला पाय पुढे करून बस असं सासऱ्याने कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून ते गप्प राहिले. कानशीचं सांगता आलं, तेवढं सांगितलं.

"पाय नाही," मी म्हणाले. "गुडघा."

पलीकडे ते हसले, नाकातून, आवाज दाबून. मी तोंडाला पदर लावला. एका पडद्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं हसत बसलो होतो. सासूबाई गेल्यानंतर त्या घरात मामा त्याआधी हसल्याचं मला आठवत नाही.

शुक्रवारी वेल पुरी झाली. पातं लाखेतून सोडवून, पुसून, मी पहिल्यांदाच पडद्याबाहेर जाऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. एक पान, दोन पानं. तिसऱ्याशी थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. माझा गुडघा ठोकळा एकाच बाजूला लोटू शकत होता, त्यामुळे वळणं सगळी एकाच अंगाची आली होती आणि पानं टोकाकडे झुकायच्या ऐवजी मुठीकडे झुकली होती. शेवटचं पान तर फारच बारीक होतं, जागा उरली नव्हती.

"ही वेल माझी नाही," मामा म्हणाले.

मी म्हणाले, "पुन्हा घासते." तसं म्हणताना मला वाईटही वाटलं नाही. कानस कशी चालवायची ते आता येत होतं, आणि शनिवार अजून बाकी होता.

त्यांनी पातं परत दिलं नाही. अंगठा पुन्हा पहिल्या पानावर नेला. "माझी नाही म्हणलं," ते म्हणाले. "वेल नाही, असं कुठं म्हणलं? उद्या पाणी देऊ."

पाणी देणं म्हणजे पातं तापवून धारेची कड पाण्यात बुडवणं. त्याने लोखंड कडक होतं. कमी तापलं तर धार कोयीवर वळते. जास्त तापलं तर पातं तडकतं, आणि कोरलेल्या पात्यात तडा गेला की तो रेघ शोधत जातो. सगळं रंगावर असतं, आणि रंग उजेडात कळत नाही. म्हणून शनिवारी भर दुपारी आम्ही दार लावून घेतलं, खिडकीवर पोतं टांगलं. मामा सांडशी घेऊन भट्टीशी बसले, मी भात्याच्या चाकाशी, त्यांच्यासमोर. निखाऱ्याच्या उजेडात त्यांचा चेहरा मी प्रथमच असा समोरून पाहिला. डोळे माझ्याकडे होते, पण बघत नव्हते.

"मला लाल दिसतंय," ते म्हणाले. "कोणतं लाल ते दिसत नाही. डाळिंबाच्या फुलासारखं झालं की आता म्हण. मोठ्यानं म्हण, भात्याच्या आवाजात ऐकू आलं पाहिजे."

मी चाक फिरवू लागले. आधी पातं काळंच. मग वाळक्या मिरचीचं. मग ओल्या कुंकवाचं. वेल त्यात काळी दिसत होती, पाच पानं, उलटी झुकलेली. कुंकवातून रंग वर चढायला लागला, आणि मी तोंड उघडलं तर आवाज येईना. अकरा वर्षांत मी त्या खोलीत मोठ्याने एक शब्द बोलले नव्हते. रंग काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. कडेला तो डाळिंबाच्या फुलाचा झाला, मग मधोमध.

"आता!"

समोरच्या घरातली बाई नंतर विचारत होती, काय झालं होतं म्हणून. मामांनी पातं उचलून कड पाण्यात धरली. पाणी किंचाळलं, वाफेने खोली भरली. मग ते शांत झालं, आणि आम्ही दोघंही न हलता ऐकत राहिलो. तडा जातो तेव्हा टिक्क असा एक बारीक आवाज येतो. तो आला की संपलं. पाणी निवलं. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. तो आवाज आला नाही.

"फिरव चाक," मामा म्हणाले. "अजून मऊ आच द्यायची आहे, नाहीतर ठिसूळ राहील."

मूठ बाभळीची बसवली. धार मामांनीच लावली, त्याला डोळे लागत नाहीत.

रविवारी सकाळी फोनवाला आला. हे आणि तो पुढच्या खोलीत चहा घेत बसले होते, आणि यादम्मा दारात आली. डोक्यावर रिकामी टोपली, तीत नमुन्याची एक कैरी. मामांनी सुरी पुढे केली. तिने ती उजेडात धरली, आणि तिचं बोट लगेच पानांवर गेलं. मुठीकडून टोकाकडे गेलं, अडखळलं, मग टोकाकडून मुठीकडे आलं.

"ये तुम्हारा हाथ नहीं, ताता," ती म्हणाली.

यांनी पेला खाली ठेवला. मी पडद्याशी उभी होते, पडदा अर्धा माझ्या हातात होता. तो मी सोडला आणि बाहेर आले.

"मैं निकाली," मी म्हणाले.

यादम्माने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. टोपलीतली कैरी काढली, मामांच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवली आणि सुरी उचलून एक घाव घातला. मऊ आणि कोरडा, दोन्ही आवाज एकदम आले. कैरी दोन्हीकडे पडली, दोन्ही फोडींना कोयीचं कवच तसंच. तिने धारेवर नख फिरवून पाहिलं. कुठे अडलं नाही.

"मेरी भावज को बी होना," ती म्हणाली. "दूसरी कब देते?"

तिने ते मामांना विचारलं होतं. भिंतीवर दोन पाती राहिली होती. फोनवाला यांच्याकडे बघत होता आणि हे मामांकडे. मामांनी त्यांचे ते पांढरे डोळे माझ्या बाजूला वळवले आणि थांबून राहिले.

मी मनात दिवस मोजले. लाख, पाच पानं, पाणी, मूठ.

"पुढच्या सोमवारी," मी म्हणाले.